फक्त काज-बटण राहिलेत

कॉलेजातल्या गणिताच्या सरांचा फोन आला तेव्हा मी सुईत दोरा ओवत होतो. आजकाल सुईचं नेढं मला डोळ्यांनी नाही, सवयीनं सापडतं. सर म्हणाले, "काका, मॅडमचे सगळे कापडी नमुने आम्ही काचेच्या कपाटात ठेवतोय. दिवाळीची सुट्टी संपली की छोटा कार्यक्रम करू. फक्त तो पिवळा आहे ना, त्याला एका जागी उघडं राहिलंय. तेवढा टाका मारून द्या, म्हणजे बरं दिसेल."

"पाहतो," मी म्हटलं.

टेलर 'पाहतो' म्हणाला की त्याचा अर्थ काय, हे सरांना ठाऊक नसावं. ते तयार कपडे घालतात.

त्याच आठवड्यात या अंकाचे लोक घरी आले. म्हणाले, मॅडमच्या संशोधनाबद्दल तुम्ही लिहा. मी म्हटलं, बाप्पा, मी चौथी शिकलेला लेडीज-जेन्ट्स टेलर. माझी बायको मंदा गणितात डॉक्टर. तिचं काम तिलाच विचारायचं होतं ना. ती इथं दिग्रसातच होती, रोज कॉलेजात पायी जात होती, तेव्हा कोणी विचारलं नाही. गेल्यावर सगळ्यांना आठवण येते. त्यांचे चेहरे उतरले. मग एक जण म्हणाला, "बरं, तुमच्या धंद्याबद्दल लिहा." हे जमण्यासारखं होतं. पण लिहायला बसलो तर दोन्ही एकच निघालं. माझं सगळ्यात विचित्र गिऱ्हाईक माझ्याच घरात राहत होतं.

आधी धंदा सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. उशीचा अभ्रा घ्या, नाही तर अस्तराचं जाकीट घ्या. ते उलट्या बाजूनं शिवतात. सगळीकडून शिवून झालं की एका जागी चार बोटं उघडं ठेवतात. त्या चार बोटांतून पूर्ण कपडा बाहेर ओढायचा, म्हणजे सुलटी बाजू वर येते आणि शिलाई आत लपते. मग ती चार बोटं हातानं तुरपून बंद करायची. झालं. बाहेरच्या माणसाला ती जागा दिसत नाही. टेलरला आपली जागा बरोबर माहीत असते.

दुसरी गोष्ट धंद्यातल्या भाषेची. सणावाराच्या आधी गिऱ्हाईक दारात येतं आणि विचारतं, "टेलर, झालं का?" त्याला टेलर सांगतो, "झालंच. फक्त काज-बटण राह्यले." याचा अर्थ कापड अजून कापलेलंही नाही. गिऱ्हाईकाला वाटतं, आता काय, पाच मिनिटांचं काम. ते खूश होऊन चहा पितं आणि निघून जातं. हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं. त्याच्यावरच संसार चालला म्हणा ना.

संसारही कसा जमला पाहा. मंदाचा बाप जिनिंगमधे हमाल होता. बुद्धविहारात आमच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा त्यानं एकच अट घातली, पोरगी पुढं शिकेल. माझा बाप माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, "शिको ना बावा. माही मशीन काय तिच्या पायानं चालते?" लोक हसले, लग्न ठरलं. मला वाटलं होतं, बारावी करेल आणि थांबेल. ती थांबलीच नाही. मी पायडल मारत राहिलो, ती एकेक परीक्षा मारत राहिली. शेवटी ज्या कॉलेजात शिकली त्याच कॉलेजात शिकवायला लागली, आणि वरून म्हणाली, मला आता संशोधन करायचं आहे.

"कायचं?" मी विचारलं.

"छिद्राइचं."

मी तेव्हा एका ब्लाउजला हूक लावत होतो. "म्हणजे फाटलेल्या कपड्याइचं?"

"तसंच समजा," ती म्हणाली आणि माझ्या मशीनजवळ स्टूल ओढून बसली.

तिनं मला समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. चुकलं तर दोष माझा. वस्तू रबराची आहे असं धरायचं. ताणा, दाबा, पिळा, चोळामोळा करा, सगळं चालतं. फक्त फाडायचं नाही आणि जोडायचं नाही. एवढं करूनही जे बदलत नाही तेवढंच खरं, बाकी सगळं दिसणं. आणि बदलत नाही ते काय? तर छिद्रं. आता छिद्र तर काहीच नसतं, ते मोजायचं कसं? तिनं माझ्या हातातला दोरा घेतला आणि शर्टाच्या बाहीभोवती एक वेढा दिला. "हा दोरा आवळत न्यायचा. कापडावरून सरकत सरकत गोळा होऊन सुटला, तर शून्य. अडकला, तर तिथं छिद्र हाय. दोन वेढे देले तर दोन. उलटे देले तर उणे दोन. आता याची बेरीज-वजाबाकी करता येते का नाही?"

"येते."

"मग झालं. हेच माहं बीजगणित."

मला एकदम सोपं वाटलं. तिला ते समजायला पुढची सगळी वर्षं लागली.

त्या दिवशी आमचं पहिलं शास्त्रीय भांडण झालं. तिनं विचारलं, बटणं लावलेल्या शर्टाला छिद्रं किती? मी म्हटलं, चार. गळा, दोन बाह्या आणि खालचा घेर. ती म्हणाली, तीन.

"मी शर्ट शिवतो का तू?"

"घेर पकडून शर्ट जमिनीवर अंथरा. ताणून. घेर झाला बाहेरचा काठ. आता मधात छिद्रं किती दिसते?"

अंथरून पाहिला. गळा आणि दोन बाह्या. तीनच दिसली. मला फार राग आला. मी म्हटलं, मग पँटीला? दोन. शिवलेल्या लुंगीला? एक. लुगड्याला? शून्य.

"अन् धोतराले?"

"शून्य."

"म्हणजे तुह्या विषयात धोतर अन् लुगडं एकच?"

"एकच."

"हे तुह्या बापाले सांग," मी म्हटलं. तिनं खरंच सांगितलं. सासरा पुढं किती तरी दिवस आमच्याकडे पायजमा घालून येत होता.

तेव्हापासून ती मला गिऱ्हाईकासमोर 'अवो टेलर' म्हणायला लागली आणि मी तिला 'मॅडम'. तिच्या ऑर्डरी येऊ लागल्या. पोकळ कडं शिवून द्या. कडं म्हणजे हातातल्या कड्यासारखं, पण आतून रिकामं. सायकलची ट्यूब डोळ्यापुढं आणा. ते कापडाचं करायचं, त्याला एका जागी चार बोटं उघडं ठेवायचं, आणि त्यातून ते उलटवायचं. लाल दोरा कड्याच्या लांबीनं भरायचा, निळा दोरा त्याच्या जाडीभोवती. पहिलं कडं मी टेरिकॉटचं केलं. ते उलटेना. अर्धं भोकात अडकलं आणि घोरपडीसारखं तोंड काढून बसलं. मग बनियनचं कापड आणलं. ते सरसर उलटलं, आणि उलटल्यावर पाहतो तर दोऱ्यांची भलतीच अदलाबदल. लांबीनं जाणारा लाल दोरा आता जाडीभोवती फिरत होता आणि निळा लांबीनं.

"हे काहून झालं?"

"हेच तर पाहून राह्यली ना मी," मंदा म्हणाली. तिचा चेहरा अशा वेळी नव्या नवरीसारखा व्हायचा. खरी नवरी होती तेव्हा झाला नव्हता, हे मी तिला अनेकदा ऐकवलं.

एका कड्याचं कोडं जगातल्या लोकांनी आधीच सोडवून ठेवलं होतं. मंदानं दोन कडी जोडलेल्या पिशवीचं हाती घेतलं. ती उलटवली की कोणता दोरा कोणाच्या जागी जाऊ शकतो आणि कोणता काही केल्या जाऊ शकत नाही, हे तिला सिद्ध करायचं होतं. हातानं उलटवून पाहणं म्हणजे सिद्ध करणं नव्हे, हे ती मला सारखं सांगायची. "हजार वेळा उलटवलं तरी ते पाह्यलं म्हणतात. मले सांगाव लागते का याहून वेगळं होऊच शकत नाही." आमच्यात एक नियम ठरला. नमुन्याची ती चार बोटं सिद्धता पूर्ण झाल्याशिवाय तुरपायची नाहीत. मंदा 'झालं' म्हणेल तेव्हाच शेवटचा टाका.

मधेच एकदा तिनं सांगितलं, एक बाटली शिवा जिला आत-बाहेर नाही. मी बाही लावून पाहिली, गळा लावून पाहिला. शेवटी बाही स्वतःच्याच पोटातून न्यावी लागत होती आणि तिथं कापड कापावं लागत होतं.

"कापाचं नाही," मंदा म्हणाली. "चौथ्या दिशेनं न्या."

"दिग्रसले चार रोड हायेत. पुसद, दारव्हा, आर्णी, मानोरा. यातून कोणचा?"

ती इतकी हसली की स्टुलावरून पडता पडता राहिली. ती बाटली मात्र कधीच झाली नाही. मी तिला सांगत राहिलो, फक्त काज-बटण राह्यले.

आणि एकदा ती म्हणाली, आमच्या विषयात पँट नावाचाच प्रकार आहे. मोठमोठे लोक पुस्तकात पँट लिहितात. मला वाटलं, ही माझ्या धंद्याची टर उडवते आहे. मी जेवताना बोललो नाही. ती समजवायला आली तर म्हटलं, "जा, तुह्या पुस्तकातल्या पँटीले पट्टी लावून दे."

ते खोटं नव्हतं हे मला अमरावतीला कळलं. पीएचडीची तोंडी परीक्षा होती. दिग्रसहून सकाळची एसटी, दारव्हा, नेर आणि पुढं अमरावती. नेरला माझं एक गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या दिवशी लग्न, कोट आधी पोचवलेला, करड्या रंगाची पँट राहिली होती. काज-बटण म्हणत म्हणत अगदी लग्नाच्या तोंडावर आलं होतं. ठरलं की जाता जाता नेरच्या स्टँडवर खिडकीतूनच पँट द्यायची. मी दोन पार्सलं बांधली, दोन्ही वर्तमानपत्रात. एकात नवरदेवाची पँट, दुसऱ्यात मंदाची दोन कड्यांची पिशवी. नेरला गाडी थांबली, नवरदेवाचा मामा धावत आला, कंडक्टर ओरडला, मी पार्सल दिलं, गाडी सुटली. मंदा शेजारी डोळे मिटून काही तरी पुटपुटत होती. पाठांतर करत असेल म्हणून मी तिला हलवलं नाही.

परीक्षेचा हॉल मोठा. मी शेवटच्या बाकावर बसलो. बाहेरून आलेले परीक्षक बंगालकडचे, म्हातारे, बारीक चणीचे. मंदानं फळ्यावर बरंच लिहिलं. मग म्हणाली, आता प्रत्यक्ष दाखवते. तिनं पार्सल सोडलं आणि टेबलावर करडी पँट उलगडली. कडक इस्त्रीची. पट्टीला खूण म्हणून माझ्या हातचा खडू लागलेला.

तिच्या मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मला वाटलं, बाकाखाली जावं. इतक्या वर्षांचं तिचं शिक्षण माझ्या एका पार्सलनं बुडालं.

मंदानं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथं लिहीत नाही. मग तिनं ती पँट कमरेकडून उचलली, दोन्ही पाय हवेत सोडले, आणि इंग्रजीत बोलायला लागली. मला त्यातला एकच शब्द कळत होता आणि तो सारखा येत होता, पँट. परीक्षक पुढं वाकले. मग टाळी वाजवून हिंदीत म्हणाले, "अरे वाह! तो इसी से बताइए."

तिनं सांगितलेलं मला नंतर घरी समजलं. एका पँटीला तीन तोंडं असतात, कंबर आणि दोन पाय. दोन पँटी घ्या, कमरेला कंबर शिवा, पायाला पाय शिवा. जी बंद पिशवी होते ती बरोबर दोन कड्यांचीच होते. म्हणजे मी चुकून जी वस्तू आणली ती तिच्या पिशवीचा अर्धा भागच होता. पण त्या वेळी परीक्षकांनी पँटीच्या एका पायात हात घातला, दुसऱ्यातून काढला, आणि विचारलं, "दूसरी पैंट कहाँ है?"

मंदा पुन्हा माझ्याकडे पाहू लागली. तिच्यामागं परीक्षक, त्यांच्यामागं सर, सगळा हॉल वळून शेवटच्या बाकाकडे पाहू लागला. माझ्या अंगात तपकिरी पँट होती. मी बाकाला दोन्ही हातांनी धरून बसलो. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, धोतर नेसायला पाहिजे होतं.

सर म्हणाले, "दुसरी मानून चाला." मी सुटलो. मंदा पास झाली.

येताना नेरच्या स्टँडवर मामा उभाच होता. काखेत आमची पिशवी. मी उतरून पँट पुढं केली.

"टेलर, हे काय शिवलं बे?"

"मामा, पार्सल बदललं."

"ते दिसलं आमाले. नवरदेवानं यात पाय घालून पाह्यला. पाय जाईना. मंग त्याची आत्या म्हणे, पाय नाई, डोस्क्यात घालाचं असन, कोटावर नवी फॅशन हाय. डोस्क्यावर बसवून अख्ख्या लग्नघरात फिरवला त्याले."

मंदा माझ्यामागं उतरली होती. तिला लाज वाटेल म्हणून मी मामाला खुणावत होतो. पण ती पुढं आली आणि तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, "मामा, उलटवून पाह्यलं का?"

"पाह्यलं ना बाई. त्या भोकातून पुरं बाहेर काढलं. तर आडवे दोरे उभे झाले."

"सारेच?"

"नाई. काही झाले, काही काही केल्या होईनात. नवरदेवाच्या बापानं खूप ओढून पाह्यलं. मंग पुन्हा उलटवलं तर होतं तसंच झालं."

मंदानं माझा दंड धरला. "अवो, ऐकलं का? मी इतके साल खपली, अन् या लोकाइनं हळदीच्या मांडवात तपासून टाकलं."

"मंग तू डॉक्टर काहून? नवरदेवाच्या बापाले डॉक्टर करा ना."

"त्याइनं पाह्यलं," ती म्हणाली. "मी सिद्ध केलं." आणि गाडीत बसल्यावर पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. "घाला आता टाका. झालं."

सुई-दोरा माझ्या कॉलरीलाच असायचा. दारव्हा रोडचे खड्डे तेव्हाही होते, आजही आहेत. त्या नमुन्याची तुरपाई वाकडी आहे. काचेतून कोणाला दिसली तर टेलरला नाव ठेवू नका, रोडला ठेवा.

त्यानंतर मंदानं तीन कडी घेतली. तोच हा पिवळा नमुना. दोन कड्यांत जे चाललं ते तिसऱ्यात चालेना. कॉलेजचे तास, पेपर तपासणं, माझं जेवण, सगळं करून ती त्याच्याशी झटायची. कधी भाजी चिरता चिरता विळीवर हात थांबायचा. मी पाहून म्हणायचो, "मॅडम, झालं का?"

"झालंच," ती म्हणायची. "फक्त काज-बटण राह्यले."

आम्हा दोघांनाही त्याचा अर्थ माहीत होता, म्हणून दोघंही हसायचो.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं. नागपूरच्या दवाखान्यात होतो. तिला तिथला हिरवा झगा घातला, मागून पूर्ण उघडा, बाह्या आखूड, शिलाई अगदी रद्दी. मी शिलाईकडेच पाहत होतो. दुसरीकडं पाहायची हिंमत नव्हती. ती म्हणाली, "अवो टेलर, याले छिद्रं किती?"

मी मोजलं. पाठ उघडी, म्हणजे गळा छिद्रात धरायचा नाही, तो काठ झाला. राहिल्या दोन बाह्या. "दोन," मी म्हटलं.

"अन् पँटीले?"

"दोन."

"म्हणजे माह्या हिशोबानं मी पँट घालून हावो." आयुष्यभर लुगड्याशिवाय काही न घातलेली बाई. हसताना तिला दुखत होतं, तरी हसली. नर्स आली आणि तिनं झग्याच्या नाड्या बांधल्या. मंदा म्हणाली, "घ्या, वाढवलं हिनं उत्तर."

पिवळी पिशवी मी सोबत नेली होती. तिच्या उशाशी ठेवायचो. एकदा हिंमत करून विचारलं, "मंदा, शिवून टाकू का हे?"

"नको," ती म्हणाली. "अजून नाही झालं."

नंतर ती गेली.

आता माझी अडचण समजली असेल. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी लोकांना उशिरा दिलं, पण अर्धं ठेवून कोणाचं काही दुकानात राहू दिलं नाही. दुकान बंद केलं तेव्हा एकेकाच्या घरी जाऊन कपडे दिले. हा एकच नग राहिला आणि गिऱ्हाईक निघून गेलं. तुरपावं, तर मंदानं जे म्हटलं नाही ते मी तिच्या तोंडी घालतो. काचेमागं बंद पिशवी ठेवली की पाहणारा समजेल, हेही मॅडमनं केलं. न तुरपावं, तर माझं काम माझ्या मरणापर्यंत उघडं. आणि सरांचा फोन दर दोन दिवसांनी येतो आहे.

मंदाची एक विद्यार्थिनी आहे, सविता राठोड. आमच्याच भागातल्या तांड्यावरची. मंदाला ती याडी म्हणायची. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मंदाचं राहिलेलं काम तिनं घेतलं आहे. ती आता मारेगावला कॉलेजात तासांवर शिकवते. म्हटलं, मंदानंतर 'झालं' म्हणायचा हक्क कोणाला असेल तर हिला. पिवळी पिशवी थैलीत घातली आणि यवतमाळवरून गाडी बदलत मारेगावला गेलो.

खोली लहान. एक खाट, एक गॅस आणि एका भिंतीभर काळा फळा. तिनं मला खाटेवर बसवलं, चहा ठेवला.

"बाबा, फोन करायचा होता ना. मी आली असती."

"फोनवर हे दाखवता येते का?" मी पिशवी काढून तिच्या हातात दिली. "आता सांग. सर म्हणते, टाका मारा. तुही याडी म्हणे, नको. मी कोणाचं ऐकू?"

सवितानं पिशवी हातात घेतली आणि त्या चार बोटांतून हळूहळू उलटवली. तिचे हात अगदी मंदासारखे चालत होते. पुढं सारायचं, थांबायचं, बोटानं आतून चाचपायचं. लाल-निळे दोरे पालटून वर आले. तिनं एका दोऱ्यावर बोट ठेवलं.

"हा," ती म्हणाली. "या तिसऱ्या कड्यापाशी याडीची वाट चालत नाही, बाबा. तिनं जसं धरलं होतं तसं नाही. चूक आहे तिथं."

मला झोंबलं. "मंदाची चूक?"

"हो. तिले माहीत होतं ना. म्हणून तर शिवू देत नव्हती तुमाले."

चहा ऊतू गेला. तिनं उठून गॅस बंद केला आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली.

"मंग आता?"

"आता दुसरी वाट शोधून राह्यली."

"भेटली का?"

सविता वळली. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या तोंडावर खोटं बोललो आहे. बोलताना टेलर कुठं पाहतो हे मला ठाऊक आहे. तो गिऱ्हाइकाकडे पाहत नाही, कापडाकडे पाहतो. सविता पिशवीकडे पाहत होती.

"झालंच, बाबा," ती म्हणाली. "फक्त काज-बटण राह्यले."

मी मान वर करून फळ्याकडे पाहिलं. भिंतीभर फळा, आणि त्यावर एक अक्षर नव्हतं. कापड कापलेलंही नव्हतं.

मला हसू फुटलं. मंदा गेल्यापासून मी इतका हसलो नव्हतो. सविताही हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझं काय झालं ते विचारू नका. घरमालकीण दारात येऊन पाहून गेली, म्हातारा कशानं बिघडला म्हणून.

"हे वाक्य तुले कोणं शिकवलं?" मी विचारलं.

"याडीनं. म्हणे, संशोधनात हेच पहिले शिकाव लागते."

निघताना मी पिशवी तिच्याजवळ ठेवायला गेलो. ती म्हणाली, नको, तुमच्याजवळ असू द्या, मी येत जाईन पाहायला. मी म्हटलं, आता मी येत जाईन विचारायला. आजवर दुनिया माझ्या दारात उभी राहिली, आता मी कोणाच्या तरी दारात उभा राहतो. तेवढंच जाण्यायेण्याला कारण.

हे लिहून संपवत होतो तेवढ्यात सरांचा पुन्हा फोन. पिवळी पिशवी माझ्या मांडीवरच होती.

"काका, कपाट आलंय. तुमचं झालं का?"

"झालंच, सर," मी म्हटलं. "फक्त काज-बटण राह्यले."

"अरे वा! मग परवा माणूस पाठवू?"

"पाठवा ना. चहा पाजतो त्याले."